शेवंड आणि पंक्तिप्रपंच

परप्रांती बदलून आलेल्या मराठी अधिकाऱ्याच्या घरी क्वचित एखाद्या हिवाळ्यात शेवंड येते, तेव्हा त्या घरात जी धांदल उडते ती आम्ही अनेकदा पाहिली आहे. शेवंड शिजवावी कशी, याची चिंता फारशी नसते; गिरगावातील वा अलिबागेतील एखादी मावशी ते काम दूरध्वनीवरून पार पाडून देते. खरी चिंता असते ती तिच्यासोबत पानात काय वाढावे आणि पेल्यात काय ओतावे याची, आणि ते मात्र मावशीला कोणी विचारीत नाही. तेथे आठवण होते ती मुंबई-दिल्लीच्या मोठ्या हॉटेलांची. मग टोमॅटोचे सूप येते, उकडलेल्या भाज्यांवर पांढरा लगदा थापलेले रशियन सॅलड येते, लसूण-लोणी फासलेला पाव येतो, चीजचा थर येतो, फ्राइड राइस येतो; जे शेवंड खात नाहीत त्यांच्यासाठी कोपऱ्यात पनीर येते; आणि या सर्वांच्या आधी तास-दीड तास व्हिस्की येते. या यादीस आमचा विरोध आहे. तो केवळ रुचीचा नाही. रुचीपुरता असता तर आम्ही मासिकाची पाने अडविली नसती.

आमच्या डोळ्यांसमोर चौमूं आहे. जयपूरहून सीकरच्या रस्त्याने उत्तरेस तीसेक किलोमीटर गेले की हे गाव लागते. २००७ सालच्या 'भूलभुलैया' या चित्रपटाचे चित्रण येथल्या महालात झाले, एवढीच त्याची ओळख बाहेरच्यांना असते. जयपूरकरांना मात्र ते भाजीपाल्याचे आणि बोरांचे गाव म्हणून ठाऊक आहे. बँक, विमा, रेल्वे, जयपुरातील केंद्र सरकारची कार्यालये यांच्या निमित्ताने एखाददुसरे मराठी कुटुंब या बाजूस येऊन राहते. आमच्या पूर्वजांची या मुलखाशी झालेली ओळख फारशी गोड नव्हती. १७८७ साली तुंग्यास महादजी शिंद्यांची फौज जयपूरकरांशी भिडली, १७९० साली उत्तरेकडे पाटणला पुन्हा लढाई झाली, आणि एरवीही आम्ही येथे येत होतो ते खंडणी मागण्यासच. आज आम्ही बदलीचा हुकूम घेऊन येतो, भाड्याच्या घरात राहतो आणि पहिल्याच दिवशी शेजारच्या घरून विरजण मागून आणतो. हा फरक ध्यानात ठेवूनच पुढील विवेचन वाचावे.

समुद्र येथून शेकडो कोस दूर. शेवंड येते ती विमानाने बर्फाच्या पेटीतून, किंवा मुंबई सेंट्रलहून संध्याकाळी सुटून दुसऱ्या दिवशी दुपारी जयपूरला पोहोचणाऱ्या गाडीने, कोणा पाहुण्याच्या पायांशी. किंमत, बर्फ, हमाली आणि मनाची धाकधूक एवढा खर्च झाल्यावर तिच्याकडे अन्न म्हणून पाहणे कठीण होते. ती प्रतिष्ठा होऊन बसते. हे काही आमच्याच वाट्याला आले आहे असे नाही. उत्तर अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर लॉब्स्टर एके काळी गरिबाचे आणि नोकरचाकरांचे अन्न होते. १९ व्या शतकात तो डब्यांत भरून, पुढे बर्फात घालून देशाच्या अंतर्भागात जाऊ लागला, आणि ज्यांनी त्याला किनाऱ्यावर कुजताना पाहिले नव्हते त्यांच्या टेबलावर त्याचा मान वाढला. समुद्रापासून जितके दूर जावे तितका या प्राण्याचा रुबाब वाढत जातो, आणि यजमानाचा धीर त्याच प्रमाणात खचत जातो. धीर खचलेला यजमान हॉटेलाची नक्कल करतो. कारण नक्कल चुकली तरी दोष हॉटेलाकडे जातो.

परंतु ही नक्कल मुळातच चुकीच्या प्राण्याची आहे, हे किती जणांना माहीत असते? ज्या पाकक्रियांवरून हॉटेलांनी आपले पदार्थ उचलले, त्या थंड अटलांटिक समुद्रातील नांगीवाल्या लॉब्स्टरच्या आहेत. त्याच्या दोन मोठ्या नांग्या फोडण्यासाठी चिमटे लागतात, त्यांतील मांस उकरण्यासाठी बारीक काटे लागतात, आणि पातळ केलेल्या लोण्यात तो घास बुडवायचा असतो. आमची शेवंड निराळी. तिला तशा नांग्या नाहीतच. लांब काटेरी मिशा आहेत, आणि खाण्याजोगे मांस बहुतेक सगळे शेपटीत. तरीही चौमूंच्या एका घरी आम्ही जेवणाच्या टेबलावर नांग्या फोडण्याचे चिमटे मांडलेले पाहिले आहेत. पाहुण्यांनी त्यांनी शेवटी अक्रोड फोडले. तीच गोष्ट 'थर्मिडॉर' नावाच्या प्रकाराची. १८९१ साली पॅरिसमध्ये रंगभूमीवर आलेल्या सार्दूच्या नाटकावरून हे नाव पडले असे सांगतात. दाट मलई, मोहरी, मद्य आणि वर चीज, असा तो थाट. चीज भाजून निघेपर्यंत शेवंडीच्या शेपटीचे रबर होते. ज्या मांसाचा सारा गुण त्याच्या हलक्या गोडव्यात आहे, त्यावर एवढे ओझे घालायचे, आणि मग ते ओझे पेलण्यासाठी सोबत लोण्याचा पाव द्यायचा, ही कोणती रसिकता?

आमच्या घरात याला तोड पूर्वीपासून आहे. मुंबईच्या पाठारे प्रभूंचे शेवंडीचे खडखडले ज्यांनी खाल्ले आहे, त्यांना आम्ही काय म्हणतो ते चटकन कळेल. त्यात नारळाचे वाटण नाही, रश्श्याचा पूर नाही. तेल, लसूण, हळद, तिखट, मीठ आणि परभी सांबार नावाचा त्यांचा मसाला, इतक्यावर शेवंड आपल्याच अंगच्या पाण्यात शिजते. (या सांबाराचा मद्राशी सांबाराशी संबंध नाही, आणि चौमूंपासून फारशा दूर नसलेल्या सांभर सरोवराशीही नाही, मात्र सरोवराचे मीठ खडखडल्यात घालण्यास कोणाची हरकत नसावी. समुद्राची वस्तू समुद्राशिवायच्या मिठात शिजविण्याची गंमत येथेच मिळते.) पदार्थ असा कोरडा, तिखट आणि लसणीचा असला, म्हणजे पानातील बाकीची कामे आपोआप ठरतात. ओले काहीतरी हवे, आंबट काहीतरी हवे, कच्चे व करकरीत काहीतरी हवे, आणि मुकाट्याने सगळे झेलणारा भात हवा. सूप, सॅलड, सॉस यांना येथे जागाच उरत नाही. आमच्या पानात 'बाजूचे पदार्थ' अशी भोंगळ कल्पना नाही. डावी बाजू आहे, उजवी बाजू आहे, आणि कोणी कुठे बसायचे याचा विचार पूर्वीच झालेला आहे.

येथे दुसऱ्या टोकाचे लोक आमच्या मदतीस धावून येतील, पण त्यांचीही मदत आम्हांला नको. यांच्या मते कोकणचे जेवण म्हणजे तांदूळ कोकणचा, कोकम कोकणचे, मिरची कोकणची, नारळ कोकणचा. शेवंडीच्या पेटीबरोबर दुसऱ्या चार पिशव्या भरून येतात आणि चौमूंच्या बाजारातून त्या दिवशी फक्त काड्यापेटी आणली जाते. हा अभिमान नव्हे. ही छावणी आहे. तंजावरास गेलेल्या मराठ्यांविषयी एक आख्यायिका सांगतात, की राजवाड्याच्या मुदपाकखान्यात आमसुले संपली, आमटीत चिंच घालावी लागली, आणि त्यातूनच दक्षिणेतील सांबाराचा जन्म झाला. आख्यायिका खरी असो वा नसो, ती मराठी माणसांनी आवडीने सांगितली आहे. म्हणजे परमुलखातील चिंच आपल्या आमटीत पडली याची लाज कोणाला वाटली नाही, भूषणच वाटले. मग चौमूंच्या भाजीची लाज का वाटावी?

आणि बाजार तरी कोणता! उन्हाळ्यात येथे शेवंड आणणे हा वेडेपणाच. ती यावी तर मार्गशीर्ष-पौषात. नेमक्या त्याच दिवसांत चौमूंच्या मंडईत हिरवा वाटाणा, लाल गाजरे, पातीचा कांदा, मेथी, मुळा आणि मोगरी यांचे ढीग पडतात. ही मोगरी म्हणजे कोणी परकी नव्हे. मुळ्याच्या शेंगा, आपल्या डिंगऱ्या. पुण्या-मुंबईच्या नव्या पिढीला डिंगरी ओळखता येत नाही, येथे ती टोपलीने मिळते. कोवळ्या डिंगऱ्या चिरून त्यांवर मीठ, लिंबू आणि चिमूटभर साखर एवढेच घालावे. दही नको, कूट नको, फोडणीही नको. खडखडल्याच्या तिखटानंतर ही करकरीत, नाकाला किंचित झोंबणारी कोशिंबीर जे काम करते, ते रशियन सॅलडाच्या सात पिढ्यांना जमणार नाही. डावी बाजू एवढ्याने झाली. ज्यांना पापडाशिवाय चैन पडत नाही त्यांनी उडदाचा किंवा मुगाचा पापड निखाऱ्यावर भाजावा.

भाकरीविषयी आमचे मत येथल्या मित्रांस रुचणार नाही. बाजरीची भाकरी आम्हांला अतिशय प्रिय आहे, आणि या भागातील हिवाळ्यातील बाजरीची गोडी आम्ही शतमुखांनी सांगू. परंतु शेवंडीशी तिचे जमत नाही. बाजरीला स्वतःचा ठसका आहे, ती शेवंडीला बोलू देत नाही. शेवंडीला तांदळाची भाकरी, किंवा नुसता मऊ भात. तोही बासमती नको. सुवासिक तांदूळ हा पुन्हा हॉटेलाचाच आग्रह. बाजरीची भाकरी जरूर करावी, पण ती बिरड्याबरोबर.

बिरडे हा आमच्या या साऱ्या प्रतिपादनाचा कणा आहे, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. कडवे वाल महिनोन् महिने टिकतात. बदलीच्या सामानात ते सहज येतात. दोन दिवस आधी भिजत घालावे. येथल्या थंडीत मोड यायला उशीर लागतो, म्हणून फडक्यात बांधून धान्याच्या कोठीत किंवा रजईत ठेवावेत. मोड आल्यावर कोमट पाण्यात सोलायचे, आणि हे सोलणे चार माणसांनी मिळून गप्पा मारीत करायचे काम आहे. त्यात घालायला नारळ लागतो, आणि नारळासाठी कोकणात निरोप धाडण्याची गरज नाही: देवळापाशी फुलांच्या दुकानात शेंडीचा नारळ असतोच. देवापुढे फोडण्याचा तो जून नारळ वाटणास व दुधास शहाळ्यापेक्षा किती तरी सरस. गूळ, आमसूल, ओले खोबरे, कोथिंबीर घालून केलेले दाट बिरडे पानाच्या उजव्या बाजूस पडले, म्हणजे शेवंडीच्या मानाला धक्का न लागता तिच्या तोडीचा दुसरा पदार्थ पानात येतो. असा तोडीचा पदार्थ का हवा, हे सांगण्यासाठीच आम्ही लेखणी उचलली आहे.

चौमूंतील आपले पुष्कळसे शेजारी शाकाहारी असतात. अंडेदेखील न खाणारी घरे आहेत. कांदा-लसूण वर्ज्य असणारी जैन कुटुंबे आहेत. ज्यांनी पहिल्या दिवशी विरजण दिले, मुलाच्या तापात मध्यरात्री गाडी काढली, तीजेला घेवराची पेटी धाडली, तीच ही माणसे. शेवंडीच्या दिवशी यांचे काय करायचे? बहुतेक अधिकारी दोनांपैकी एक करतात. पहिला वर्ग त्यांना बोलावीतच नाही; खिडक्या लावून घेतो, टरफले रात्री गुपचूप दूर नेऊन टाकतो, आणि आपल्याच घरात चोरासारखे जेवतो. दुसरा वर्ग बोलावतो, आणि मग मोठ्या टेबलावर शेवंडीची परात, भोवती हुद्द्याने मोठे पाहुणे, आणि भिंतीकडेच्या लहान टेबलावर 'व्हेज' अशी चिठ्ठी लावलेले पनीर, बाजारचे दही व गार झालेल्या पुऱ्या असा देखावा उभा करतो. असे एक जेवण आम्ही पाहिले. शेजारचे शिक्षक पत्नीसह आले होते. दोन घास खाऊन, फार छान झाले म्हणून, हात जोडून लवकर उठले. पुढच्या तीजेला त्या घरी घेवर आला नाही. यजमानांना त्याचे कारण आजतागायत उमगलेले नाही.

आमच्या भाषेत यासाठी एक फार जुना आणि फार कठोर शब्द आहे: पंक्तिप्रपंच. एकाच पंक्तीस बसलेल्यांत वाढताना डावे-उजवे करणे. तूप कोणाला धारेने आणि कोणाला थेंबाने, हा तो जुना प्रपंच. आता तो शेवंड आणि पनीर असा झाला आहे. कोणी म्हणेल, जे खातच नाहीत त्यांना शेवंड न वाढण्यात प्रपंच कसला? शेवंड न वाढण्यात नाही. तिच्याऐवजी निष्काळजीपणा वाढण्यात आहे. ज्याला तुम्ही तोंडीलावणे म्हणता, ते त्या शेजाऱ्याचे संपूर्ण जेवण आहे. म्हणून यादी करताना आरंभ शेजाऱ्याच्या पानापासून करावा. त्याच्या पानात भात, बिरडे, हिरव्या वाटाण्याची उसळ, डिंगऱ्या, बाजरीची भाकरी, लोणी आणि गूळ असे पोटभर व मनापासून केलेले जेवण असावे. त्याच्या घरी लसूण चालत नसेल तर बिरड्यात आणि उसळीत ती मुळीच घालू नये, म्हणजे सर्वांना एकाच पातेल्यातून वाढता येईल. आपल्या पानात तेच सारे असावे, आणि वर शेवंड. शाकाहारी स्वयंपाक सकाळी आधी करून झाकून ठेवावा, भांडी व पळ्या निराळ्या ठेवाव्यात, आणि हे न विचारता शेजारणीच्या कानावर सहज घालावे. एवढे करूनही कोणी त्या छपराखाली जेवणार नाही म्हटले, तर तोही त्याचा अधिकार; त्याच्या घरी बिरड्याचा डबा आधी पोहोचवावा आणि मग पाने घ्यावीत. खिडक्या मात्र लावू नयेत.

आता पेयांकडे वळू. व्हिस्कीचा वाद आम्ही नीतीवर नेत नाही. ज्याने त्याने आपल्या घरी पाहून घ्यावे. आमचा आक्षेप जिभेच्या बाजूने आहे. धुराच्या आणि लाकडाच्या वासाचे ते कडक पेय दीड तास पोटात गेल्यावर पुढ्यात शेवंड आहे की सुकट, हे ओळखणारा आम्हांला अद्याप भेटलेला नाही. राजस्थानात केसर-कस्तुरी नावाची राजेशाही मदिरा मिळते, आणि बाहेरच्या पाहुण्यापुढे ती हौसेने ठेवली जाते. ती गोड, केशराच्या दर्पाची, शेवंडीचा गोडवा बुडवून टाकणारी. गोव्याची काजूची फेणी समुद्राकाठची असली तरी तिचा वासच एवढा बोलका की दुसऱ्या कोणाला बोलता येत नाही. घ्यायचीच असेल त्याने नाशिककडची पांढरी, कोरडी वाइन थोडी गार करून घ्यावी, आणि तीही शेवंड नुसती उकडून लिंबाबरोबर खायची असेल तेव्हाच. खडखडल्याच्या तिखटापुढे वाइनचे पैसे फुकट जातात.

पेय म्हणून आमचा कौल कोकमाला, पण येथेही आंधळेपणा नको. सोलकढी म्हणजे गारच, असा समज घेऊन पौषातल्या रात्री, जेव्हा चौमूंत बाहेर उभे राहवत नाही, तेव्हा बर्फासारखी सोलकढी समोर ठेवणारे महाभाग आहेत. त्या दिवसांत कोकमाचे कढत सार करावे: आमसुलांचे पाणी, किंचित गूळ, जिरे, तुपाची फोडणी, कोथिंबीर. दुपारची पंगत असेल तर नारळाच्या दुधाची सोलकढी खुशाल करावी. मात्र तिला चुलीवर चढवू नये, फाटते. आणि जेवणाआधी, ज्या वेळी इतर घरी ग्लास किणकिणतात, त्या वेळी कांजी द्यावी. मोहरीची पूड घालून उन्हात आंबविलेली ही उत्तर हिंदुस्थानी कांजी येथल्या घराघरांत होते. आंबट, झणझणीत, भूक चाळविणारी. शेजारणीकडून ती मागून आणावी. विरजणाप्रमाणे कांजीही मागितल्याने नाते वाढते. शेवंड खाणारा आणि न खाणारा, दोघांच्या हाती एकच पेला असतो.

गोडाचे काय? पाहुणे बहुधा सांभरची फीणी घेऊन येतील. संक्रांतीच्या सुमारास जयपूरकडे तिचे मोठे प्रस्थ. (गोव्याच्या फेणीशी हिचे फक्त नाव जुळते, आमच्या एका स्नेह्याने हे न कळून नुसत्या नावावरच आनंद मानला होता.) फीणी दुधात घालून खातात, आणि मासे व दूध एकत्र खाऊ नये असे चरकसंहितेत सांगितले आहे. आजचे वैद्यक त्याला आधार देत नाही, पण आमच्या आज्या देत असत. न खाणाऱ्यांना ती त्याच वेळी दुधासह द्यावी. आपण सकाळच्या चहाबरोबर खावी.

राहता राहिला एक आक्षेप: एवढा उपद्व्याप करण्यापेक्षा शेवंड आणूच नये. यात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. मुंबईच्या समुद्रातील चपट्या जातीच्या शेवंडीची मासेमारी अतिरेकाने १९९० नंतरच्या काही वर्षांतच कोसळली. २००३ साली केंद्र सरकारने निर्यातीसाठी जातवार किमान वजने ठरविली. आपल्या किनाऱ्यावर नेहमी मिळणाऱ्या काटेरी शेवंडीस ते ३०० ग्रॅम आहे. देशातल्या देशात पाठविताना हे वजन कोणी पाहत नाही, म्हणून ते आपण पाहावे. हाताएवढे पिल्लू स्वस्त मिळाले म्हणून मागवू नये, आणि पोटाखाली अंड्यांचा घोस असलेली मादी तर फुकटही घेऊ नये. १ जून ते ३१ जुलै या बंदीच्या ६१ दिवसांत मागणी नोंदवू नये. वर्षातून एकदा, हिवाळ्यात, दोन मोठ्या शेवंडी दहा माणसांस पुरतात. कारण पान आधीच भरलेले असते.

पेटी जयपूरला उतरवून घेताच उघडून पाहावी. बर्फ विरघळलेला असेल आणि अमोनियासारखा उग्र दर्प आला, तर मसाल्याने तो झाकण्याच्या भरीस न पडता शेवंड टाकून द्यावी. पंगत मात्र रद्द करू नये. वालांना मोड आलेले असतात आणि शेजारणीची कांजी दाराशी पोहोचलेली असते.